वाचन अडवण्याचा हक्क

हेश्वान ३, सोमवार

आजपासून दैनंदिनी, तारखा आपल्या यहुदी पंचांगाच्या. राष्ट्र जागं होतं तेव्हा त्याच्या उशाशी कुणीतरी लेखणी घेऊन बसलेलं असावं लागतं, आणि पोद्लेस्क गावात हे काम झेलिग क्रुपनिकशिवाय दुसरा कुणी अंगावर घेईल असं चिन्ह नाही.

पूर्वजांच्या भूमीत परतू पाहणाऱ्या आमच्या सियोनप्रेमी मंडळात आम्ही मूठभर माणसं. औषधवाले झाल्किन सभेला येतात ते त्यांच्या घरची शेगडी धुरकटते म्हणून. मेंडेल शिंपी ठार बहिरे आहेत, पण माझी भाषणं तेच सर्वांत लक्ष देऊन ऐकतात. गुरुवारी बाजारात मी पिंपावर चढून बोलतो तेव्हा लोक कोंबड्यांचा भाव करत असतात. "दोन हजार वर्षं आपण परक्यांच्या उंबऱ्यावर बसलो आहोत!" असं मी गर्जलो, तर एक बाई म्हणाली, "मग जरा सरकून बस की, मला बदकं दिसत नाहीत."

आईला वाटतं मी लग्न करावं. लग्न ठरलेलंच आहे. चार वर्षांपूर्वी त्सिपेशी साखरपुडा झाला. रिवाजाप्रमाणे दोन्ही विहिणींनी ताटली फोडली, सगळे ओरडले, आणि त्याच भरात मी खुर्चीवर चढून देवाच्या नावानं शपथ घेतली: मी लग्नाच्या छताखाली उभा राहीन तर आपल्या पूर्वजांच्या भूमीत, आपल्या झेंड्याखाली, परक्या आकाशाखाली नाही! त्सिपेच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. इतकी देशभक्त मुलगी लाखांत एक.

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "देशभक्त काय? ती रडली रे, रडली!"

म्हणजे तिलाही आठवतंय.

हेश्वान ५, बुधवार

शोध लागला! गावचे धर्मगुरू रब्बी रेब अव्हिग्दोर यांच्याशी वाद घालायला गेलो होतो. मी म्हणतो, तिथं चला. ते म्हणतात, मशीहा येईल तेव्हा जाऊ. वाद आमचा नेहमीचा, चहाही नेहमीचा. बोलता बोलता ते म्हणाले, "तुझ्यासारखीच ती कैला विधवा. माझ्या तरुणपणी तिच्या भावानं तिचं घर बळकावलं होतं, तर तिनं शब्बातला वाचन अडवलं होतं."

हा आपल्या लोकांचा जुना हक्क आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आणि कुणी दाद देत नाही, त्यानं शनिवारी, शब्बातच्या प्रार्थनेला, सिनेगॉगमध्ये वाचनाच्या चौथऱ्यावर हात आपटून म्हणायचं, "मी वाचन अडवतो." मग त्याचं गाऱ्हाणं मिटेपर्यंत तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडायची नाही आणि कुणी घरी जायचं नाही. श्रीमंत असो, रब्बी असो, कुणी त्याला गप्प करू शकत नाही.

गाव सगळं हजर, दारं बंद, कोंबड्या नाहीत. आणि हा हक्क धूळ खात पडला आहे!

हेश्वान ९, रविवार

काल इतिहास घडला. शब्बातला लिहिता येत नाही, म्हणून आज लिहितो. 

कालचा अध्याय अब्राहामाचा. देव त्याला म्हणतो, तुझा देश सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. असा मोका सोडेल तो झेलिग नव्हे. गुंडाळी बाहेर काढायच्या आतच मी चौथऱ्यावर चढलो, हात आपटला.

"वाचन अडवतो! माझ्यावर अन्याय झाला आहे!"

सिनेगॉगचे कारभारी रेब गेत्सल, म्हणजे त्सिपेचे वडील, म्हणाले, "कुणी केला ते सांग बाबा, बोलावून घेऊ."

"रोमन लोकांनी! आमचं मंदिर जाळलं, आमचा देश हिरावला!"

त्यांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. "त्यांतला कुणी हजर आहे का?"

मी बोललो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण सुरुवात केली तेव्हा ऊन पहिल्या खिडकीत होतं आणि बॅबिलोनच्या बंदिवासापाशी आलो तेव्हा ते पार शेवटच्या खिडकीत होतं. मी ग्रीस सांगितलं, इटली सांगितली, बल्गेरियासुद्धा सांगितला. सभा अशी स्तब्ध मी जन्मात पाहिली नव्हती. एकाएकी सगळ्यांनी माना पूर्वेकडं वळवल्या. नाकपुड्या फुलल्या. जेरुसलेमच्या दिशेला, न सांगता, एकसाथ! वर बायकांच्या माडीवर एक हुंदका फुटला, मग दुसरा. लिपा भटारी छाती पिटू लागला.

(लिपाची भट्टीही पूर्वेलाच आहे. शब्बातला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी सगळ्या घरांची मांस-घेवड्याच्या रश्श्याची, चोलंटची, भांडी त्या भट्टीत जातात आणि शनिवारी प्रार्थना संपली की निघतात. आई म्हणते काल सगळ्यांचं जळून कोळसा झालं. हा केवळ योगायोग.)

शेवटी रेब अव्हिग्दोर उठले. "झेलिग, गाऱ्हाणं ऐकलं. चूक रोमन लोकांचीच आहे. गावाला मान्य?"

"मान्य!" छप्पर हललं.

ठराव एकमतानं मंजूर.

आई सकाळपासून भांडं घासते आहे. बोलत नाही. भावना अनावर झाल्या असाव्यात.

हेश्वान १४, शुक्रवार, दुपार

शुक्रवारी गाव हमामात जातं. मी सर्वांत वरच्या फळीवर ओव्हरकोट घालून बसतो, कारण पितृभूमीत ऊन कडक आहे आणि सराव असलेला बरा. आज शेजारी नोखेम येऊन बसला. नोखेम ब्रशच्या कारखान्यात डुकराचे केस विंचरतो आणि बुंदवाल्या, म्हणजे समाजवादी यहुदी संघटनेच्या, कामगारांचा पुढारी आहे. त्याचं म्हणणं एका शब्दात: इथंच. इथंच जन्मलो, इथंच लढू, आपली भाषा, आपली मजुरी, सगळं इथंच.

"कोट काढ, मरशील," तो म्हणाला.

"तिथं माझी माणसं असंच ऊन सोसतायत."

"तिथली माणसं कोट घालत नसतील, अरे! बरं ते राहू दे. एक विचारू? त्या शपथेचं काय करणार तू?"

"पाळणार."

"आणि त्सिपे?"

"ती माझ्यापेक्षा कट्टर आहे."

"तिला विचारलंस कधी?"

"श्वास घेतोस का, असं तुला कुणी विचारतं का?"

तो उठला. मग स्वतःच्या डोक्यावर गार पाण्याची बादली ओतली आणि म्हणाला, "झेलिग, तुझ्यासारख्या माणसाशी लढायला फार त्रास होतो रे."

विरोधकाच्या तोंडून इतकी प्रांजळ कबुली! माणूस चुकीचा आहे, पण सच्चा आहे. हल्ली तो रोज रेब गेत्सल यांच्या दुकानात जाऊन एक मेणबत्ती विकत घेतो. एकच. कामगाराला पुडा परवडू नये, ही क्रूरता मलाही दिसते. पण त्यावर उपाय इथं नाही, तिथं आहे.

हेश्वान १६, रविवार

नोखेमनं माझी कल्पना चोरली. काल त्यानं वाचन अडवलं. पापी सदोम नगराच्या विनाशाचा अध्याय होता, आणि कारखान्याचे मालक पहिल्या बाकावर होते. तो चौथऱ्यावर चढून म्हणाला, "गुरुवारी आम्हाला इतक्या उशिरा सोडतात की बायकोला शब्बातच्या बाजाराला पैसे द्यायला माणूस घरी पोचत नाही. एक तास आधी सोडा." एवढंच. खाली उतरून बसला.

मालकांनी भट्टीच्या दिशेला नाक वळवलं, विचार केला आणि म्हणाले, "बरं, सोडतो."

हे भाषण म्हणायचं? मी दोन हजार वर्षं मागतो, हा एक तास मागतो! यालाच मी क्षुद्र दृष्टी म्हणतो. लोकांनी मात्र त्याला खांद्यावर घेतलं. मला फक्त मेंडेल शिंप्यांनी हात केला, तोही बहुधा खिडकी लावून घे म्हणून.

माडीच्या जाळीतून त्सिपे खाली वाकून पाहत होती. चेहरा उजळला होता. ती नक्की कुणाकडं पाहतेय ते बघायला मी मान वळवली, तर मध्ये नोखेम उभा. नेहमी वाटेत येतो.

हेश्वान २३, रविवार

हक्काचा गैरवापर सुरू झाला आहे. काल आधी हमामवाल्यानं वाचन अडवलं: टॉवेल परत येत नाहीत. मग बदकाच्या मालकीवरून दोन साडू चढले आणि एकमेकांचं वाचन अडवू लागले. रेब अव्हिग्दोर म्हणाले, "बदक कुणाच्या हाकेला येतं?" एक म्हणाला, "कुणाच्याच येत नाही, खाल्लं आम्ही." "कुणी खाल्लं?" "दोघांनी." "मग भांडण कशाचं?" "चव कुणाच्या बदकाची होती त्याचं!"

शेवटी लिपा भटारी स्वतः उठला, हात आपटला आणि म्हणाला, "यापुढं कुणी वाचन अडवू नये म्हणून मी वाचन अडवतो! चोलंट जळलं की शिव्या मला!" आता त्याला खाली कसा उतरवणार? त्याचाही हक्कच. मोठी चर्चा झाली. कालही जळलं.

या सगळ्यात राष्ट्राचा एकदाही उल्लेख नाही. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा कुणीतरी माझा कोट धरून मला खाली बसवलं. कोटाची शिवण उसवली आहे. मनातून थोडा खचलो हे इथं लिहायला हरकत नाही. मला वाटलं होतं, लोकांच्या हाती आवाज दिला की ते माझंच वाक्य बोलतील. प्रत्येकाला आपापलं वाक्य असतं हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

हेश्वान ३०, रविवार

दुकानात त्सिपेला भेटायला गेलो. ती पिंपातून हेरिंग मासे काढत होती. रेब गेत्सल मला पाहून मागच्या खोलीत गेले आणि तिथून खोकत राहिले.

"झेलिग," ती म्हणाली, "आपलं घर तिथं कसं असेल?"

मी आनंदानं बाकावर बसलो. दलदल कशी सुकवायची, कालवे कसे खणायचे, निलगिरीची झाडं कुठं लावायची, सगळं सांगितलं.

"मी घराचं विचारलं."

"घरं नंतर. आधी कालवे."

"त्या घरात मी आहे का?"

"म्हणजे काय! महिला शाखेची अध्यक्षा."

तिनं एक हेरिंग जरा जोरातच फळीवर ठेवली. "आणि कधी? मी पंचवीसची आहे. माझ्या धाकट्या बहिणीला दोन पोरं आहेत. ती मला विचारतात, मावशी, तुझा नवरा कुठंय? मी काय सांगू? दलदल सुकवतोय?"

"सुंदर उत्तर आहे! हेच सांग."

तिनं हात पुसले. मग हळू म्हणाली, "काल नोखेमनं मला काही विचारलं."

"मजुरीबद्दल?"

"नाही."

"भाषेच्या प्रश्नाबद्दल? त्यांचा तो भाग फार लंगडा आहे. तू शांतपणे विचार कर, त्याच्या म्हणण्यातला कच्चा दुवा शोध आणि मग ठाम उत्तर दे."

"शांतपणे विचार करू?"

"शांतपणे. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

मागच्या खोलीतला खोकला एकदम थांबला. त्सिपे म्हणाली, "ठीक आहे. येत्या शब्बातला सांगते."

नोखेमचं आता काही खरं नाही.

किस्लेव्ह ४, गुरुवार

आई बाजारातून धावत आली. त्सिपे शनिवारी वाचन अडवणार! माडीवरून! कैला विधवेनंतर पहिली बाई!

मी आईला मिठी मारली. राष्ट्राची स्त्री जागी झाली आहे! ताबडतोब तिच्यासाठी एक भाषण लिहून काढलं, चौदा पानांचं, दबोरा न्यायाधिशिणीपासून सुरुवात करून, आणि पाठवून दिलं. संध्याकाळी ते परत आलं. त्यात दोन हेरिंग गुंडाळलेल्या होत्या. कागद वाया घालवायचा नाही ही तिची काटकसर मला आवडते. अशाच बायका देश उभे करतात.

आई हेरिंगकडं बघत म्हणाली, "अरे गाढवा, ती तुझ्याविरुद्ध अडवणार आहे."

"माझ्याविरुद्ध कशाला? माझ्यावर तिची काय तक्रार असणार?"

आई खाली बसली. तिनं एप्रन तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. रडते की हसते, कळेना.

"लग्न कर, नाहीतर मला मोकळी कर, असं म्हणणार आहे ती. आणि मोकळी झाली तर नोखेम तयारच आहे. रोज एक मेणबत्ती घेऊन जातो मेला. त्याच्या घरात आता इतक्या मेणबत्त्या झाल्यात की आग लागेल एक दिवस!"

हे मी आईच्या शब्दांत लिहिलं आहे. माझ्या शब्दांत लिहिण्याचा तीन वेळा प्रयत्न केला, जमलं नाही.

किस्लेव्ह ७, रविवार

नीट लिहायचं ठरवलं आहे.

काल सिनेगॉग भरलेलं. शेजारच्या गावाहूनही माणसं आली होती. गुंडाळ्यांच्या पेटीपुढचा पडदा सारताच वर जाळीवर हात आपटल्याचा आवाज झाला.

"मी वाचन अडवते."

तिचा आवाज मोठा नव्हता. मी इतकी वर्षं आवाज चढवत आलो. माझ्या भाषणात इतकं गप्प कुणी झालं नव्हतं. आता कळतं, त्या पहिल्या शनिवारी ते भूक लागून गप्प होते.

"माझं गाऱ्हाणं झेलिग क्रुपनिकवर आहे. आज याकोबाचा अध्याय आहे. याकोब राहेलसाठी सात वर्षं थांबला, पण राहेलला माहीत होतं तो कुणासाठी थांबलाय. मी चार वर्षं थांबले, आणि मला माहीत नाही मी कशासाठी थांबलेय. त्यानं माझा दिवस ठरवावा. नाहीतर मला मोकळं करावं. आजच."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मी चौथऱ्यावर चढलो. इतक्या लोकांसमोर उभं राहायला मला आजवर कधी भीती वाटली नाही. काल वाटली.

"मी शपथ घेतली आहे," मी म्हणालो. "देवाच्या नावानं. ती मोडता येत नाही."

"मोडता येत नाही, सोडवता येते," रेब अव्हिग्दोर म्हणाले. "तीन माणसं बसली की शपथ सुटते."

रेब गेत्सल कळवळले. "रब्बी, शब्बातला शपथ सोडवत नाहीत! शब्बातच्याच गरजेसाठी असेल तरच."

रेब अव्हिग्दोरांनी पूर्वेकडं बोट केलं. "लिपाच्या भट्टीत सगळ्या गावाचं जेवण आहे. ही गरज शब्बातची नाही तर काय ईस्टरची आहे? बसा. एक मी. दुसरा?"

"मी! मी!" लिपा भटारी बाकांवरून उड्या मारतच आला.

"तिसरा?"

सगळे आपापल्या बुटांकडं पाहू लागले. जो बसेल त्याला माझं म्हणणं ऐकावं लागणार, ही भीती मी समजू शकतो.  मग मागच्या बाकावरून नोखेम उठला, पुढं आला आणि रब्बींच्या डाव्या हाताला बसला. मी म्हणालो, "हा तर माझा विरोधक आहे!" रेब अव्हिग्दोर म्हणाले, "शपथ समजायला तुझं भाषण पुरतं ऐकलेला माणूस लागतो. गावात असा हा एकच आहे."

रब्बींनी विचारलं, "तुला त्या शपथेचा पश्चात्ताप होतो?"

"प्रश्न असा आहे," मी सुरू केलं, "की ज्या राष्ट्राला स्वतःची भूमी नाही, त्या राष्ट्राच्या तरुणानं वैयक्तिक सुख..."

"झेलिग!" लिपा ओरडला. "हो की नाही!"

"ज्या क्षणी आपण परक्या आकाशाखाली..."

"थांब," नोखेम म्हणाला. तो माझ्याकडं नाही, माडीच्या जाळीकडं पाहत होता. "साधं सांग. ती एक दिवस दुसऱ्या कुणाच्या घरात जाईल, हे त्या दिवशी तुला कळलं असतं, तर घेतली असतीस शपथ?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. पूर्वार्ध, उत्तरार्ध, दाखले, सगळं. तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं कालवे आले नाहीत, झेंडा आला नाही. एक परका दरवाजा आला, आणि तो आतून बंद होता.

"नाही," मी म्हणालो.

"ऐकलं नाही!" मागून कुणीतरी.

"नाही! घेतली नसती!"

मेंडेल शिंप्यांनासुद्धा ऐकू गेलं.

रिवाजाप्रमाणे सुटकेचे शब्द तिघांनी तीन-तीनदा म्हणायचे असतात. रेब अव्हिग्दोर म्हणाले, "तू मोकळा आहेस." लिपा एका श्वासात तीनदा म्हणून गेला. नोखेम मात्र थांबत थांबत म्हणाला, आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज पार बसला. गेले दोन दिवस हवा कोरडी आहे. घशाला जपायला सांगितलं पाहिजे त्याला.

"दिवस!" माडीवरच्या सगळ्या बाया एकदम ओरडल्या.

"मंगळवार!"

"कुठला?"

"येता!"

"येत्या मंगळवारी शिवणार कोण?" माझी आई वरून किंचाळली. "कोट उसवलाय त्याचा!" पण ते कुणी ऐकलं नाही. रेब गेत्सल रडत होते आणि रडता रडता लोकांना बाकांवर बसायला लावत होते. मला वर पाहायचं धैर्य होईना. पाहिलं तेव्हा जाळीतून दोन बोटं बाहेर आली होती.

"वाचा आता," त्सिपे म्हणाली.

गुंडाळी उघडली. मी चौथऱ्यावरच राहिलो होतो, उतरायचं सुचलंच नाही, त्यामुळं पहिलं वाक्य अगदी कानाशी ऐकलं. याकोब बेर-शेबाहून निघाला आणि हारानला गेला. लहानपणापासून दरवर्षी ऐकतो आहे, चांगलं पाठ आहे. बेर-शेबा म्हणजे आपली भूमी. हारान म्हणजे परदेश. पितृभूमी मागं टाकून, परक्या आकाशाखाली, लग्न करायला निघालेला माणूस. आणि देवानं पुढं ज्याला नवं नाव दिलं आणि त्या नावानं आमचं राष्ट्र ओळखलं जातं, तो हाच.

यावर एक भाषण होईल. मंगळवारनंतर.